प्लॉट पाहायला गेलो आन् पाच दिवस फिरत राहिलो

दादाचा फोन आला तेव्हा मी हापिसात एका ले-आउटचंच ड्रॉइंग काढत बसलो होतो. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, कळंबच्या पुढं एका तालुक्याच्या गावी त्याचं किराणा दुकान आहे, गावाचं नाव मुद्दाम लिहत नाही कारण तिथं मला परत जायचंय. "अबे प्लॉट घेऊन राहिलो, एकदा येऊन पाहून जा, तू रोज तेच काढतं ना कागदावर. रविवारपर्यंत टोकन द्या लागते."

सतरा वर्षं झाली मला नागपुरात ड्राफ्ट्समनगिरी करून. नागपूरकरांना 572 आणि 1900 हे आकडे सांगायला नको, अनधिकृत ले-आउट किती त्याचे हे आकडे आमच्याकडं पोरांना पाढ्यासारखे पाठ असतात, आधी लोकांनी शेतात प्लॉट घेतले, मग घरं बांधली, मग असे प्लॉट नियमित करायला 2001 चा गुंठेवारी कायदा आला आणि मग रस्ता नाली लाईटसाठी पुढची वीस-वीस वर्षं अर्ज. माझं स्वतःचं घर त्यातलंच. त्यामुळं दादाला फोनवर "घे" म्हणायची हिंमत झाली नाही. सुट्ट्या उरल्याच होत्या, मार्च संपत आलेला, म्हटलं रमतगमत जाऊ, गाडी न घेता, जे मिळंल त्यानं.

दिवस पहिला : नागपूर ते सेवाग्राम

सकाळच्या ट्रेननं वर्धा. बुटीबोरी गेलं की खिडकीतून फ्लेक्स मोजायचा माझा जुना नाद आहे. "समृद्धीपासून 5 मिनिटं", "मेट्रो टप्पा 2 लगत", "फार्महाउस प्लॉट फक्त बुकिंगवर". समृद्धीपासून पाच मिनिटं म्हणजे काय ते मला अजून कळलं नाही, 701 किलोमीटरचा तो रस्ता आहे, दोन्हीकडून कुंपण, इंटरचेंज सोडून कुठूनही चढता येत नाही, आणि टू-व्हीलर तर चालतच नाही त्यावर. ज्याच्याकडं फक्त स्प्लेंडर आहे त्याच्यासाठी समृद्धी म्हणजे ज्याच्या खालून अंडरपासनं वावरात जायचं अशी एक भिंत. पण फ्लेक्सवर भाव तिच्याच नावानं.

वर्ध्यात तर्री पोहे हाणले, गोरस भांडारात जाऊन वहिनीसाठी गोरसपाक घेतला (तिनं फोनवर बजावलं होतं) आणि ऑटोनं सेवाग्राम. दहावीत सहलीला आलो होतो तेव्हा काहीच पाहिलं नव्हतं, नुसती पोट्ट्यांची मस्ती. आता ड्राफ्ट्समनच्या डोळ्यानं पाहिलं. आदी निवास 1936 चं. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, पुढं खोल पडवी, बांबूच्या खिडक्या. जमनालाल बजाजांची जमीन, आणि गांधीजींची अट अशी की सामान जवळपासचंच वापरायचं, खर्च कमीत कमी. बाहेर टळटळीत ऊन होतं पण आत पाऊल टाकलं आणि अंगावरचा घामच थांबला, माझ्या घरी कूलर लावूनसुद्धा असं होत नाही हो. त्या पडवीत एक म्हातारे आजोबा, म्हणजे माझ्यासारखेच पाहायला आलेले, भिंतीला टेकून चक्क झोपले होते.

मला जास्त मजा दुसऱ्या दोन गोष्टींची वाटली. एक म्हणजे तिथला टेलिफोन. व्हाइसरॉय लिनलिथगोनं बसवून दिलेला, म्हणजे मातीची झोपडी पण लाईन थेट दिल्लीला. दुसरी म्हणजे गावाच्या नावाची गोष्ट, आधी हे शेगाव होतं, गांधीजींची टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायची, त्या घोळापायी 1940 मध्ये नाव सेवाग्राम केलं. आपण साधेपणा साधेपणा म्हणतो पण त्या माणसानं टपाल, फोन, रेल्वे यातलं काहीच सोडलं नव्हतं. घर स्वस्त ठेवलं, संपर्क नाही तोडला. हे मी तिथंच बसून मोबाईलमध्ये लिहून ठेवलं, दादाला सांगायला.

दिवस दुसरा : दत्तपूर, मग कळंबची गाडी

सकाळी दत्तपूरला गेलो, ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात. देवेंद्रकुमारांनी सुरू केलेली संस्था, कमी खर्चाची घरं हा त्यांचा जुना विषय. तिथली शंकूच्या आकाराची मातीची टाईल पाहायची होती, ग्लासात ग्लास बसवावा तशी एकात एक अडकवत कमान करायची, लोखंड लाकूड जवळपास नाहीच. कुंभाराच्या चाकावर होते, म्हणजे पैसे गावातच राहतात. बाकी जास्त वेळ थांबलो नाही कारण गाडी होती.

पण एक सांगायचं राहिलं, कवेलू गावातून गेले कावून? शहरातले लोक म्हणतात लोकांना सिमेंटची हौस. हौस आहेच, "पक्कं घर" म्हटलं की सोयरिकीत वजन पडतं. पण विदर्भात कवेलूचा खरा दुश्मन म्हणजे माकडं. एक टोळी घरावरून गेली की पन्नास कवेलू फुटतात, दर पावसाळ्याआधी घर शाकारा, आणि शाकारणारा माणूसही आता भेटत नाही. मग टिनाचे पत्रे येतात. पत्र्याखाली मे महिन्यात विदर्भात राहून पाहा एकदा म्हणजे कळेल.

वर्धा-कळंब गाडीत बसायची मला लहान पोरासारखी उत्सुकता होती. वर्धा-यवतमाळ-नांदेड, 284 किलोमीटरचा प्रकल्प, मी कॉलेजात होतो तेव्हापासून ऐकतोय, त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला. देवळी, भिडी, कळंब. नवे कोरे प्लॅटफॉर्म, पळस फुललेला, आणि डब्यात जागाच जागा. समोर एक मावशी, डोक्यावरची टोपली सीटखाली सरकवून ऐटीत बसलेल्या, म्हणाल्या "बसपेक्षा सस्त हाय बापा, पण टाईम जुळत नाई, गेलं त परतीचं पाहा लागते." एवढ्या एका वाक्यात अख्खा विषय आला की नाही. रूळ टाकायला हजारो कोटी लागतात, पण मावशीचा प्रश्न गाडी किती वाजता येते आणि उतरल्यावर पुढं काय, हा आहे. कळंबला उतरून मी ऑटो केला तर ऑटोचं भाडं गाडीच्या तिकिटापेक्षा जास्त पडलं.

चिंतामणीचं दर्शन घेतलं, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं ते देऊळ, आत गार. मग काळीपिवळीत चौदावा माणूस म्हणून कोंबून घेतला आणि संध्याकाळी दादाकडं. मोठी आई दारातच ओट्यावर बसलेली. "बाबू, लय वाळला रे तू." हे ती मी ऐंशी किलोचा असतानाही म्हणते.

दिवस तिसरा : प्लॉट

हा दिवस लांबणार आहे, आधीच सांगतो.

गाव कसं ते ऐका. मधे बसस्टँड, त्याला लागून बाजार, दादाचं दुकान, मराठी शाळा, सरकारी दवाखाना, मारुतीचा पार, सगळं दहा मिनिटं चालण्याच्या आत. कापसातली सरकी काढायची जुनी जिनिंग होती तिच्याभोवती गाव वाढलेलं. 2015 च्या सुमारास तालुक्याच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या तेव्हा यांचीही झाली. दादा म्हणतो "झोपलो तवा गावात होतो, उठलो त शहरात. टॅक्स शहराचा, नाली गावाची." एक गोष्ट मात्र खरी की घरकुलाची रक्कम बदलली, गावात प्रधानमंत्री आवास ग्रामीणची मूळ रक्कम 1 लाख 20 हजार तिथं शहरी योजनेत केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख. त्यापायी शेजारच्या खेड्यातले लोक म्हणतात आमचंबी शहर करा.

दादा सध्या दोन खोल्यांत भाड्यानं राहतो, दुकानाच्या मागं. पोरगी नववीत, पोरगा पाचवीत, मोठी आई 76 वर्षांची. घर हवंच आहे.

तर ले-आउट. बसस्टँडपासून तीन किलोमीटर, मोटरसायकलनं गेलो. कमान एवढी मोठी की वाटावं आत राजवाडा आहे, आत कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेलं वावर आणि चुन्याच्या रेघा. ले-आउटवाल्याचा माणूस टॅब घेऊन उभा होता. "सर फक्त सहा प्लॉट शिल्लक." मी नकाशा मागितला. नकाशा छान होता, मीच काढल्यासारखा, 9 मीटरचे रस्ते, एका कोपऱ्यात ओपन स्पेस. नियमानं 4000 चौरस मीटरच्या वर जागा असली की 10 टक्के मोकळी सोडावी लागते, ती सोडली होती पण कुठं, नाल्याच्या काठावर जिथं प्लॉट विकलाच गेला नसता. हे मला ओळखीचं आहे, हापिसात आम्हाला पण साहेब म्हणतात "ते ओपन स्पेस जरा तिकडं सरकव रे". मी सरकवलं आहे. लिहताना लाज वाटते पण सरकवलं आहे.

मी विचारलं डीपी कुठं आहे. तो म्हणाला "ते काय सर, त्या बाभळीजवळ." आमच्या हापिसात डीपी म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन आणि गावात डीपी म्हणजे लाईटचा ट्रान्सफॉर्मर, दोघंही बरोबरच. बाभळीजवळचा डीपी शेतीपंपाचा होता, म्हणजे घराला लाईन घ्यायची तर पोल टाका. पाणी? "बोअर घ्या सर, पाणी लय हाय." नाली? "नगरपंचायत करून देईन." बस? त्यानं माझ्याकडं असं पाहिलं जसं काही मी विमानतळ विचारला.

शिवाय काळी माती. कापसाला सोनं, घराला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरवर पाया घातला की दोन वर्षांत भिंतीला तडा. मुरूम लागेपर्यंत खोदा किंवा पाइल टाका, तो खर्च प्लॉटच्या भावात कोणी सांगत नाही.

रात्री जेवण झाल्यावर (वांग्याची भाजी, भाकर, आणि वहिनीच्या हातचा ठेचा) दादाच्या उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. ले-आउटमधला प्लॉट 1000 फूट, 350 नं, साडेतीन लाख. आणि गावात, दुकानापासून चौथं घर, मातीचा पडका वाडा आहे, 700 फूट, मालक 800 म्हणतो, 5 लाख 60 हजार. दादा म्हणे "पाय ना, सरळ दोन लाख दहा हजाराचा फरक, आन् जागाबी मोठी."

मी म्हटलं लिही. बोअर आणि मोटर, 80 हजार. प्लॉट भरायला मुरूम, 30 हजार. उरला एक लाख. आता रोजचं जाणं-येणं, तू दुकानावर दोन खेपा, कारण दुपारी जेवायला येणारच, एक खेप पोरांच्या शाळेची, एक वहिनीची बाजाराची नाहीतर मोठ्या आईची दवाखान्याची. चार खेपा, सहा सहा किलोमीटर, चोवीस. गाडी पन्नासचा ॲव्हरेज देते, अर्धा लिटर, पन्नास रुपये रोज. महिन्याला दीड हजार, वर्षाला अठरा हजार. साडेपाच वर्षात तुझा लाख पेट्रोलपंपावर. आज हे सगळं पायी होते, फुकट.

दादा गप्प झाला. वहिनी आतून म्हणाली "आन् पोरीचं काय? ते ट्युशनहून सात वाजता येते." याचा आकडा मी वहीत कुठं लिहणार होतो.

मोठी आई अंधारात ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. तिचा प्रश्न निराळाच. "तिकडं मी कोणासंगं बोलू?" ती सकाळी पाराशी जाऊन बसते, अकराला दुकानात गल्ल्याजवळ, चारला समोरची म्हातारी येते, दोघी मिळून निवडणं टिपणं. बीपीची गोळी संपली की स्वतः काठी टेकत दवाखान्यात जाते. 75 च्या वर असल्यानं एसटी तिला फुकट आहे, 2022 पासून, महिन्यातून एकदा यवतमाळला बहिणीकडं जाते एकटी. तीन किलोमीटरवरच्या कमानीआड नेऊन ठेवली तर ही बाई फुकट बसपर्यंत पोचणार कशी? मग हेच सगळं बंद, आणि आपण म्हणणार वय झालं आता तिचं.

मग तो पडका वाडा का नाही घेत? तर इथं खरी गाठ आहे. मालक एक नाही, सहा वारस. दोन इथं, दोन पुण्यात, एक सुरतला, एक बहीण नागपूरला. सुरतवाला सात वर्षं कोणाचा फोन उचलत नाही. सहा सह्या झाल्याशिवाय रजिस्ट्री होत नाही. ले-आउटवाला उद्या सकाळी पावती द्यायला तयार, वाड्याला सही मिळत नाही. दुसऱ्या सकाळी चहाआधी मी गावठाणात चक्कर मारली, नुसत्या त्या दोन गल्ल्यांत अकरा पडकी किंवा कुलूपबंद घरं मोजली. नळ आहे, लाईट आहे, रस्ता आहे, दवाखाना हाकेवर आहे, आणि आत एरंड उगवलाय. आणि गाव मात्र वावरावर वावर खात बाहेर चाललंय, जिथं यातलं काहीच नाही, जिथं नगरपंचायतीला नवीन पाईप टाकावे लागणार, ज्याचे पैसे पुन्हा दादाच देणार. मोठ्या शहरांसाठी तरी एक नियम आहे, दहा लाखांवर लोकसंख्या असली तर मोठ्या प्रकल्पात वीस टक्के छोटी घरं ठेवा म्हणून. या गावांकडं तर कोणी पाहतच नाही, इथं सगळं ले-आउटवाल्याच्या टॅबवर.

दिवस चौथा : पुनर्वसन

दादाला दुकान होतं म्हणून मी त्याची गाडी घेऊन एकटाच निघालो, एका धरणात गेलेल्या गावाचं पुनर्वसन पाहायला. नकाशावर पाहाल तर आदर्श. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, शाळेला जागा, समाजमंदिर, "18 नागरी सुविधा"चा बोर्ड. दुपारी बारा वाजता गेलो तर रस्त्यावर एक माणूस नाही. रस्ते एवढे रुंद की सावलीच पोचत नाही मधपर्यंत. जुन्या गावात गल्ली अरुंद होती म्हणून एका घराची सावली दुसऱ्यावर पडायची, दोन ओटे समोरासमोर होते, भाजी निवडता निवडता बोलणं व्हायचं. इथं समोरच्या घरी बोलायचं तर ओरडावं लागते.

एका काकांनी घरात बोलावलं, गडूभर पाणी दिलं. घर घरकुलातलं, योजनेत कमीत कमी 25 चौरस मीटर, म्हणजे 270 फुटाच्या आत-बाहेर, वर स्लॅब. "रातच्याला आत झोपताच येत नाई, दिवसभराचं ऊन स्लॅब पिऊन ठेवते आन् रातभर सोडते. आमी आंगणात झोपतो." स्लॅबच्या वर त्यांनी पऱ्हाट्या आणि जुन्या साड्या अंथरल्या होत्या, आणि समोर तुराट्यांचा मांडव. सगळ्या घराचा जीव त्या मांडवात, खाट तिथं, माठ तिथं, नातू तिथं. नकाशात कुठंच नसलेली ती जागा.

बस दिवसातून दोनदा येते म्हणाले. सकाळची निळी बस मानव विकासची, शाळेच्या पोरींसाठी, ती मात्र वेळेवर असते. "त्या बसपायी माही नात बारावीपर्यंत गेली," हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. महिलांना अर्ध तिकीट झालं 2023 पासून, त्यांच्या सूनबाई आता आठवडी बाजाराला स्वतः जाते, आधी सासरा जायचा. दुसरी बस संध्याकाळी साडेपाचला, ती चुकली की मुक्काम नाहीतर ऑटोचे दोनशे.

परत येताना गाडी पंक्चर. ढकलत ढकलत दीड किलोमीटर, चार वाजताचं ऊन. तीन किलोमीटर म्हणजे किती असतात ते तेव्हा पायाला नीट समजलं.

दिवस पाचवा : दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, घर

सकाळच्या एसटीनं यवतमाळ, तिथून दारव्हा. सरळ घरी जाता आलं असतं पण शकुंतला पाहायची होती. म्हणजे रूळ, गाडी तर बंद आहे. अडीच फुटी नॅरोगेज, यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, इंग्रज कंपनीनं वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला न्यायला टाकलेली, आणि इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 चं, ते 1994 पर्यंत वाफेवर चाललं. माझे आजोबा म्हणे चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढायचे. प्रत्येकाच्या आजोबांची हीच गोष्ट आहे.

दारव्हा मोतीबाग स्टेशनजवळ रुळात गवत, कोणीतरी शेणाच्या गोवऱ्या वाळत घातलेल्या. ज्या इंग्रजाला फक्त कापूस न्यायचा होता त्यानं गाडी नेली ती गावाच्या पोटापर्यंत, कारण कापूस चालत येत नाही, जिनिंगपासून बैलबंडीला जवळ पाहिजे. माणसांना त्याचा फायदा फुकटात झाला. दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, तिन्हीकडं स्टेशन, जिनिंग, बाजार एकमेकांच्या आसपास. ब्रॉडगेज करा म्हणून आता मागणी आहे, व्हावी, पण झाली तर स्टेशन गावात ठेवा राजेहो, जमीन सस्ती म्हणून वावरात नेऊन टाकू नका.

कारंज्याला बस बदलली, आलूबोंडा खाल्ला, तर्री एवढी तिखट की डोळ्यातून पाणी. मूर्तिजापूरला मेन लाईनची गाडी मिळाली, जनरल डब्यात दाराजवळ उभं. बडनेरा गेल्यावर दादाचा फोन.

"अबे, सुरतवाल्यानं फोन उचलला."

"काय म्हणतो?"

"त्याले वाटे आमी त्याचा हिस्सा बुडवून राहिलो. तुह्या मोठ्या आईनं फोन घेतला हातातून, अर्धा तास बोलली त्याच्याशी, त्याच्या मायची मैत्रीण ना ते. आता म्हणते दिवाळीत येतो सही कराले."

"आणि टोकन?"

"थांबवलं. पण येते का नाई कोणाले माईत."

नागपूर यायला लागलं तसा मोबाईलवर मेसेज आला, ले-आउटवाल्याच्या माणसाचा, माझा नंबर त्यानं त्या दिवशी घेतला होता. "नमस्कार सर, फक्त 6 प्लॉट शिल्लक."